टेम्पो, टाकी आणि ताई

पुण्यात खिडक्या पूर्वीपासून होत्या, काचा नंतर आल्या. वाड्याच्या खिडकीला लाकडी झडपा आणि लोखंडी गज असायचे. काच असलीच तर दिवाणखान्यातल्या कपाटाला, आणि तिच्यामागे घरातल्या कुणीतरी शाळेत मिळवलेला कप. ती काच वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, ओल्या वर्तमानपत्रानं पुसायची आणि पुसता पुसता जुन्या बातम्या वाचायच्या. पुढे हिंजवडीला, खराडीला, बाणेरला आख्ख्या इमारतीच काचेच्या उगवल्या, तेव्हा प्रश्न आला की एवढी रद्दी आणायची कुठून? या प्रश्नाचं उत्तर म्हणून जे धंदे निघाले, त्यातला एक माझ्या भाच्यानं काढला. काचा पुसायचा.

ताई म्हणाली, "इंजिनिअर होऊन?" दाजी बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी विचारलं, "जीएसटी किती?" यापलीकडे काचा कशा पुसतात याबद्दल घरात कुणाचंही काहीही मत नव्हतं. पण "धंद्याला गाडी घ्यावी लागेल" असं तो म्हणाला मात्र, आणि घरातले सगळे एकदम तज्ज्ञ झाले. मराठी माणसाला धंद्यातलं कळत नाही असं लोक म्हणतात, म्हणोत. गाडीतलं कळत नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

त्याआधीचा काळ दुचाकीचा. पुढे भाचा, त्याच्या दोन पायांमध्ये बादली, मागे मदतनीस आणि मदतनिसाच्या गळ्यात शिडी. गळ्यात म्हणजे अक्षरशः गळ्यात. शिडीच्या दोन पायऱ्यांमधून डोकं बाहेर काढायचं आणि तिचे दांडे दोन्ही खांद्यांवर तोलायचे. रंगारी, केबलवाले, पीओपीवाले सगळे असेच फिरतात, त्यामुळे पुण्यात त्याकडे कुणी वळून बघत नाही. अडचण एवढीच, की मागच्यानं जरा वळून बघितलं की शिडीही वळते, आणि मग शेजारच्या रिक्षावाल्याला नाइलाजानं बघावंच लागतं.

तर गाडी. पुण्यात ज्याला मागे हौदा आहे त्या प्रत्येक वाहनाला टेम्पो म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पुणेकरांनी ते मनावर घेतलं नाही. त्याच वर्षी टाटांनी 'एस' नावाचं पाऊण टन माल नेणारं पिल्लू बाजारात आणलं. त्याचं तर लोकांनी परस्पर बारसं करून 'छोटा हत्ती' ठेवलं. भाच्याच्या मनात हाच हत्ती होता. पण आपल्याकडे मुलाच्या मनात काय आहे ते सगळ्यात शेवटी विचारतात.

आजीचं मत मारुती व्हॅनला. १९८४ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा शेजाऱ्यांनी घेतली होती आणि तीत बसून आजी जेजुरीला गेली होती. दार सरकतं, त्यामुळे बोळात उघडताना सायकलवाला आडवा होत नाही, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. पण ती गाडी २०१९ साली बंद झाली, आणि त्याआधी हिंदी सिनेमानं तिचा उपयोग माणसं पळवण्याकडे इतका केला होता, की जुनी व्हॅन सोसायटीच्या फाटकाशी पाचेक मिनिटं उभी राहिली तरी वॉचमन पोरांना आत बोलावतो. तिची धाकटी बहीण ईको चालली असती. तिचंही दार सरकतंच. पण तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. एप्रिलमध्ये दुपारी हडपसरहून हिंजवडीला जायचं तर चालक वरून उन्हानं आणि खालून इंजिनानं भाजून निघतो, भाकरीसारखा.

दाजींनी कागदावर हिशेब मांडला आणि तीनचाकी 'आपे' सुचवली. किंमत कमी, बोळात वळते, डिझेल कमी पिते आणि बनते बारामतीत, म्हणजे पार्ट मिळण्याची चिंता नाही. शेजारचे काका चहाला आले होते. त्यांनी एका वाक्यात हिशेब उडवला. "बारामतीचं वाहन ऐन वळणावर कुठल्या बाजूला कलेल, काय सांगावं!" दाजींनी कागदाची घडी केली.

ताईला टेम्पोच नको होता. साधी मोटार घे, डिकीत बादल्या ठेव, कुणाला कळणार आहे? तिचा सगळा आक्षेप नंबरपाटीला होता. मालवाहू गाडीला पिवळी पाटी आणि काळे आकडे, घरच्या गाडीला पांढरी. मुलाचं लग्न व्हायचंय. बायोडाटात 'स्वतःची चारचाकी' लिहिलं की समोरचे विचारणार कोणती, आणि बघायला आले की पाटी दिसणार. भाचा म्हणाला, "इलेक्ट्रिक घेतो, तिची पाटी हिरवी असते." ताईचा चेहरा उजळला. मग त्यानं सांगितलं, की धंद्याच्या इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीवर आकडे पिवळेच असतात. सरकारनं पळवाट ठेवलेली नाही.

हे सगळं आठवडाभर चाललं आणि या सबंध काळात एकानंही विचारलं नाही, की गाडीतून न्यायचं काय आहे? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दोन बादल्या, एक शिडी आणि फडकी. भाच्यानं शेवटी सांगितलं, "पाणी." 

"पाणी गिऱ्हाइकाकडे नसतं का?" आजी.

इथून पुढे त्यानं जे सांगितलं ते ऐकून घरातल्या बायकांचा जन्मभराचा अनुभव मोडीत निघाला. काचेवर डाग पडतात ते धुळीचे कमी आणि पाण्याचे जास्त. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात, तेच ते पांढरे ठिपके. बोअरच्या पाण्यात ते फार. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत याच्या आकड्याला टीडीएस म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २,००० पर्यंत. माणसाला चालतो, काचेला चालत नाही. काचेला दहाच्या आत लागतो, शून्य असेल तर उत्तम. म्हणून पाणी आधी आरओतून काढायचं, मग रेझिनच्या नळकांड्यातून, आणि लांब काठीच्या टोकाला लावलेल्या ब्रशमधून ते काचेवर सोडायचं. घासायचं, धुवायचं आणि निघून जायचं. आपोआप वाळतं, डाग पडत नाही.

"म्हणजे पुसायचंच नाही?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग तुझा धंदा काय?"

आतल्या बाजूच्या काचांना मात्र अजून हातच लागतो. त्यासाठी रबराचं वायपर. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने नावाच्या खिडकी पुसणाऱ्यानं १९३६ साली कॅलिफोर्नियात पितळी दांडीच्या, एका पात्याच्या हलक्या वायपरचं पेटंट घेतलं. आजही जगभरचे काचवाले जे वापरतात ते साधारण तेच. पावशेराचं हत्यार, सीटखाली मावतं. त्याच्यासाठी गाडी घ्यायची गरज नाही. गाडी लागते ती पाण्याला.

आणि पाणी हा माल फार सरळ दिसतो. एक लिटर म्हणजे एक किलो, शाळेत शिकवलेलं. ब्रशमधून मिनिटाला दीड-दोन लिटर जातं. म्हणजे सकाळचे अडीच-तीन तास काम करायचं तर ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. त्यावर टाकीचं वजन, लोखंडी सांगाडा, बॅटरी, नळीचं रीळ, शिडी, आणि पुढे बसलेली दोन माणसं, त्यातला मदतनीस भरल्या अंगाचा. बेरीज ऐकून दाजींनी आपेचा कागद खिशातून काढला आणि फाडला. मोटारीची डिकी तर चर्चेतूनच गेली. ज्या प्रश्नावर घरानं आठवडा घालवला तो पाण्यानं पाच मिनिटांत सोडवला. या धंद्यात गाडी माणूस निवडत नाही, टाकी निवडते. टाकी ठरली की तिच्या मापाची गाडी शोधायची, आणि माणसं उरलेल्या जागेत बसतात. छोटा हत्ती आला. त्याचं एकूण वजन मालासकट ३,००० किलोच्या आत असल्यानं परमिटची भानगड नाही, हे दाजींनी स्वतः शोधून काढलं आणि ते पुन्हा कुटुंबप्रमुख झाले.

आता फिटिंग. भोसरीच्या एका वेल्डरकडे गाडी नेली. बरोबर मीही होतो, कारण फॅब्रिकेशनच्या दुकानात घरातला एक वडीलधारा लागतो, त्याला स्टूल देतात. वेल्डरनं चष्मा कपाळावर चढवून टाकी कुठे ठेवणार ते विचारलं. भाच्यानं उभी काळी टाकी मागच्या टोकाला ठेवायचं ठरवलं होतं, म्हणजे नळी जोडायला सोपी. वेल्डर हसला. "साहेब, मागच्या टोकाला वजन टाकलं की चढावर पुढची चाकं नुसती पाहुण्यासारखी येतात. स्टेअरिंग फिरवा, गाडी सरळ." मग त्यानं खडूनं हौद्यात चौकोन काढला, मागच्या चाकांच्या आसाच्या थोडा पुढे. "इथं. आणि उभी नको, आडवी, बसकी घ्या. उभी टाकी वळणावर मान टाकते."

पुढचा धडा अर्ध्या टाकीचा. टाकी भरलेली असली तर पाणी गपगार असतं, रिकामी असली तर प्रश्नच नाही. अर्धी असली की ब्रेक मारल्यावर गाडी थांबते आणि पाणी निघतं. ते पुढच्या भिंतीवर आदळतं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं, आणि सिग्नलला उभी असलेली गाडी एखाद्या विचारानं अस्वस्थ झाल्यागत हलत राहते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्या पूर्वजांनी टेम्पो नसताना ओळखलं होतं. उपाय म्हणजे टाकीच्या आत आडवे पडदे, त्यांना भोकं. पाणी जातं, पण रांगेनं जातं.

"आणि बोल्ट हौद्याच्या पत्र्याला मारू का?" भाच्यानं विचारलं.

"मारा की," वेल्डर म्हणाला. "मग जोरात ब्रेक लागला की टाकी पुढं येईल आणि पत्रा मागं राहील. पुढं कोण बसतं?"

पुढे कोण बसतं ते आठवून भाच्यानं चासीला यू-बोल्ट घालायला सांगितले. चासीला भोक पाडायचं नाही, कापायचं नाही. आरसी बुकात जी गाडी लिहिली आहे ती तशीच राहिली पाहिजे, नाहीतर पासिंगला गेल्यावर आरटीओ विचारतो, ही कोणती नवी जात? खाली चेकर प्लेट, वर चौकोनी पाइपाचा पिंजरा, पिंजऱ्यात टाकी. काम झाल्यावर वेल्डर पिंजऱ्यावर चढून दोनदा नाचला. आयएसआयचा शिक्का काय असेल तो हाच.

पंपाची गोष्ट वेगळीच. बारा व्होल्टचा छोटा पंप हवा होता. परदेशी सामानाचे भाव बघून भाच्याला घाम फुटला. मग कुणीतरी सांगितलं, शेतकरी पाठीवर घेऊन फिरतात त्या बॅटरीवरच्या फवारणी पंपात असतो तो याच जातीचा. गेला कृषी सेवा केंद्रात. दुकानदारानं नेमानं विचारलं, "पीक कोणतं?"

"काच."

"रोग काय पडलाय?"

"पांढरे ठिपके."

दुकानदारानं सवयीनं मागे वळून फळीवरच्या बुरशीनाशकाकडे हात नेला. मग थांबला.

पंपाला स्वतंत्र बॅटरी लागते. गाडीच्या बॅटरीवरच पंप चालवला, तर संध्याकाळी आख्खी इमारत चकाचक आणि टेम्पो ढकलायला इमारतीतले इंजिनिअर. वायरी, फ्यूज, स्विच तपकीर गल्लीतून आले, क्लिपा आणि कड्या बोहरी आळीतून. या दोन ठिकाणी दिवसभर फिरलं की माणूस जे आणायला गेला होता ते सोडून सगळं घेऊन येतो. भाच्यानं दिवाळीच्या माळा आणल्या. नळीचं रीळ फाळक्याशी बसवलं, म्हणजे फाळका उघडला की नळी हातात. ज्या वस्तूची जास्त गरज ती दाराशी, कमी गरजेची आत. हा नियम बायकांना स्वयंपाकघरात ठाऊक असतो, पुरुषांना त्यासाठी टेम्पो घ्यावा लागतो.

टपाचा प्रश्न राहिला होता. शिडी आणि लांब काठ्या वर कॅरिअरवर. काठ्या उघड्या ठेवल्या तर उन्हात जातात आणि उभ्या गाडीवरून चोरही नेतात, म्हणून जाड पीव्हीसी पाइपात घालून त्याला झाकण आणि कुलूप. झालं असं, की टपावर दोन जाडजूड पाइप आणि हौद्यात टाकी बघून निम्म्या पुण्याला ही बोअरवाल्यांची गाडी वाटते. सिग्नलला काच खाली करून लोक विचारतात, "पाणी लागतं का नक्की? फुटाला काय भाव?" शिडी मात्र हौद्याच्या मापातच बसवावी लागली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पुढे, मागे, बाजूला किंवा वर मापाबाहेर डोकावणाऱ्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. तेवढ्यात दुसरी शिडी येते आणि वर चहापाणी होतं. अर्थात एवढं करूनही टपामुळे गाडी उंच झाली ती झालीच. कॉर्पोरेट इमारतीच्या तळघराच्या तोंडाशी लाल-पांढरी दांडी लटकत असते. आत जायला मिळत नाही, बाहेर थांबायला मनाई. काचा मालकाच्या, डाग काचेवरचे, आणि वॉचमन विचारतो, "तुमचं इथं काम काय?"

शेवटचा टप्पा रेडियमवाल्याचा. गाडीच्या पाठीवर काय लिहायचं यावर घर पुन्हा जमलं. 'हॉर्न ओके प्लीज' आपल्या राज्यात २०१५ पासून बंद, त्यामुळे तेवढी जागा मोकळी मिळाली. दाजींना जीएसटी नंबर हवा होता, आजीला खंडोबा, ताईला काहीच नको होतं. रेडियमवाल्याकडे गरुड, ज्वाळा आणि डरकाळी फोडणारा वाघ तयार होते. काचा पुसणाऱ्याला वाघ कशाला, असं भाच्यानं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला नाही, मागच्याला लागतो." भाच्यानं फक्त फोन नंबर लावला, हातभर उंचीच्या आकड्यांत. कोथरूडच्या सिग्नलला मागच्याला दुसरं वाचायला काही नसतं. परिणाम झाला. पहिले चार फोन बोअरसाठी आले, पाचवा काचांसाठी.

गाडी सोसायटीत आली तेव्हा सेक्रेटरींनी नियमावली दाखवली. मालवाहू वाहन आवारात उभं करता येणार नाही, पिवळी पाटी दिसली की इमारतीचा भाव उतरतो. टेम्पो बाहेर, चिंचेखाली उभा राहू लागला. नातेवाईक मात्र खूश. घरात टेम्पो आला म्हणजे आता कुणाचा सोफा, कुणाचं फ्रिज, मंडळाचा गणपती. आठवडाभर फोन येत होते. भाच्यानं प्रत्येकाला हौदा उघडून दाखवला. टाकी चासीला जखडलेली, पिंजरा तिच्याभोवती, उरलेल्या जागेत रीळ, बॅटरी, नळकांडी. सोफा काय, पाटसुद्धा ठेवायला जागा नाही. फिटिंगचा खर्च पहिल्या महिन्यातच वसूल झाला असं तो म्हणाला, तो याच हिशेबानं.

मग गुरुवार आला. पुण्यात गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं, तसं ते होतं, आणि बुधवारी रात्री भरून ठेवायचं ताई विसरली होती. सकाळी ती चिंचेखाली गेली आणि बादलीभर पाणी काढून आणलं. भाचा ओरडत मागे धावला. शून्य टीडीएसचं पाणी, बादलीमागे त्याच्या दुप्पट आरओनं वाया घालवलंय, रेझिनची किंमत काय, आणि ते पिण्यासाठी नाही. "प्यायला कोण बसलंय? डाळ लावतेय," ताई म्हणाली. बोअरच्या पाण्यात जी तूरडाळ चार शिट्ट्या देऊनही डोळे वटारून बघायची, ती दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. कॅल्शियम नसलं की डाळ लवकर शिजते, हे शास्त्र भाच्याला माहीत होतं. त्यानं ते आईला सांगायला नको होतं, एवढंच. दुपारपर्यंत पहिल्या मजल्यावर कळलं, संध्याकाळी पाचव्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्या पाण्यानं केस धुतले आणि जिन्यात उभं राहून मैत्रिणींना हात लावून बघायला दिले.

पुढच्याच बैठकीत सोसायटीनं ठराव केला. पिवळ्या पाटीच्या वाहनाला लिफ्टशेजारची राखीव जागा मंजूर, दर गुरुवारी. सेक्रेटरींनी एकच अट घातली आणि ती लेखी दिली आहे, की टाकी पूर्ण भरलेली असावी. अर्धी चालणार नाही. वेल्डरचंही म्हणणं हेच होतं.